हट्ट, हुकूम आणि माघार

ज्या घरात एखादे मूल ऐकतच नाही, सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणते, उलट उत्तरे देते, मनासारखे झाले नाही की जमिनीवर अंग टाकून थैमान घालते आणि हाताला लागेल ती वस्तू भिरकावते, त्या घराला सल्ल्याचा तुटवडा कधीच पडत नाही. शेजारी, आप्त, शिक्षक, लग्नकार्यात वर्षातून एकदा भेटणारे दूरचे नातलग, अशा सर्वांपाशी एकेक मत तयार असते, आणि ती मते बारकाईने पाहिली तर दोनच गटांत मोडतात. 'दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ येईल' हा एक पक्ष, आणि 'लहान आहे अजून, मोठा झाला की आपोआप समजेल' हा दुसरा. हे पक्ष परस्परविरोधी दिसले तरी एका गृहीताबाबत त्यांचे संपूर्ण एकमत आहे: अवज्ञा हा मुलाच्या अंगी असलेला दोष आहे, आणि तो एक तर झोडपून बाहेर काढायचा, किंवा वयाबरोबर गळून पडेपर्यंत वाट पाहायची. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ह्या विषयाचा जो पद्धतशीर अभ्यास झाला त्याने हेच गृहीत डळमळीत केले. अवज्ञा एकट्या मुलात वसत नाही. मूल आणि मोठी माणसे ह्यांच्यामधल्या रोजच्या देवघेवीत ती वाढते, आणि म्हणून तिचा बंदोबस्तही त्या देवघेवीतच, आणि प्रथम मोठ्यांच्या बाजूने, करावा लागतो. जे आईबाप रोज रात्री थकून आणि स्वतःला दोष देत झोपी जातात त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचले पाहिजे, कारण ते अवघड नाही आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

सर्वच हट्ट चिंतेचा नसतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. दोन ते चार वर्षांच्या वयात मुलाला आपली स्वतंत्र इच्छा असल्याचा साक्षात्कार होतो, पण ती शब्दांत मांडण्याइतकी भाषा आणि आवरण्याइतका संयम त्याच्यापाशी नसतो. म्हणून त्या वयातले आकांडतांडव हे वाढीचेच एक अंग होय. तेरा-चौदाव्या वर्षी पुन्हा एकदा घरच्या सत्तेशी झगडा सुरू होतो, आणि तोही बहुतांशी स्वाभाविकच असतो. नवे भावंड घरात आले, शाळा बदलली, घरात आजारपण किंवा मृत्यू झाला, आईबापांत बेबनाव आला, तर शहाणे मूलही काही आठवडे बिथरते. ह्या सर्व स्थितींत धीर आणि वेळ पुरेसा असतो. परंतु काही मुलांत हा प्रकार महिनोन्महिने टिकतो, घराबरोबर शाळेतही पसरतो, मुलाला मित्र उरत नाहीत, आणि घरातल्या माणसांचे आपापसांतले संबंधही त्यापायी विटतात. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या विकारांच्या वर्गीकरणात 1980 साली ह्या अवस्थेला प्रथम स्वतंत्र स्थान दिले, आणि 1987 साली तिला 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' हे आजचे नाव मिळाले.

2013 च्या आवृत्तीत ह्या विकाराची आठ लक्षणे तीन गटांत मांडली आहेत. वारंवार भडकणे, क्षुल्लक कारणाने चिडणे आणि सदैव धुमसत राहणे हा रागाचा गट. मोठ्यांशी हुज्जत घालणे, नियम आणि आज्ञा उघडपणे धुडकावणे, मुद्दाम दुसऱ्याला छळणे आणि स्वतःच्या चुकीचे खापर इतरांवर फोडणे हा अवज्ञेचा गट. आणि आकसाने वागणे, सूड उगवणे हा तिसरा. ह्यांपैकी किमान चार लक्षणे किमान सहा महिने दिसली पाहिजेत, आणि भावंडाखेरीज दुसऱ्या कोणा माणसाशी वागतानाही दिसली पाहिजेत, अशी अट आहे. कारण भावाबहिणींची भांडणे जमेस धरली तर क्वचितच एखादे मूल त्यातून सुटेल. पाच वर्षांखालच्या मुलात ही वागणूक बहुतेक रोज, आणि त्यावरच्या मुलात आठवड्यातून निदान एकदा, आढळली पाहिजे. त्याच ग्रंथात सरासरी शंभरांत तीनहून काही अधिक मुलांत हा विकार आढळतो असे म्हटले आहे. ह्याचा अर्थ असा की साठ मुलांच्या एका वर्गात अशी एक-दोन मुले असणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही, आणि त्या मुलांच्या आईबापांनी आपल्यावरच काही विपरीत ओढवले आहे असे मानण्याचेही कारण नाही.

आता ही वागणूक घरात कशी रुजते ते जवळून पाहू. संध्याकाळचे सात वाजले आहेत. आईला कामावरून परत येऊन अर्धा तास झाला आहे, कुकरची दुसरी शिट्टी झाली आहे, आणि सात वर्षांचा मुलगा सोफ्यावर पालथा पडून मोबाइलवर खेळतो आहे. 'मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस,' आई ओट्यापाशी उभी राहूनच म्हणते. उत्तर येत नाही. दोन मिनिटांनी आवाज चढतो: 'अरे, कितीदा सांगायचं तुला?' 'थांब ना गं, एवढी लेव्हल संपू दे!' आई कणीक भिजवायला घेते. पुन्हा हाक, पुन्हा 'थांब ना'. अखेर ती हात पुसत बाहेर येते आणि मोबाइल हिसकावून घेते. मुलगा किंचाळतो, उशी फेकतो, आईला लाथ मारतो, 'तू वाईट आहेस' म्हणून ओरडतो. आतल्या खोलीतून आजी म्हणते, 'अगं, देऊन टाक बाई एकदाचा. दिवेलागणीला कसली ही रडारड!' आई दमलेली आहे, शेजाऱ्यांना सगळे ऐकू जाते आहे, गॅस बंद करायचा राहिला आहे. 'घे, पण पाचच मिनिटं,' म्हणून ती मोबाइल परत देते, आणि घर एकदम शांत होते.

ह्या शांततेचे मोल दोघांनीही दिलेले असते. किंचाळले, लाथ मारली, की अप्रिय हुकूम मागे घेतला जातो, हा धडा मुलाला मिळाला. माघार घेतली की असह्य कल्लोळ तत्काळ थांबतो, हा धडा आईला मिळाला. दोघांनाही आपण काही शिकलो ह्याची जाणीव नसते, आणि तरी उद्या संध्याकाळी दोघेही तो धडा गिरवतात. कधी ह्याच्या उलट घडते: आईचा संयम सुटतो, ती कर्कश ओरडते किंवा पाठीत धपाटा घालते, आणि मूल हबकून उठते, तेव्हा साध्या शब्दाने जे झाले नाही ते ओरडण्याने झाले असा तिचा अनुभव पक्का होतो आणि पुढच्या वेळी ती ओरडण्यापासूनच आरंभ करते. अशा रीतीने दोन्ही बाजूंची शस्त्रे दिवसेंदिवस धारदार होत जातात. ओरेगन राज्यातील यूजीन येथील जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडून दाखवली. त्यांनी प्रशिक्षित निरीक्षक प्रत्यक्ष कुटुंबांच्या घरी पाठवले. ते निरीक्षक माणसांच्या बोलण्या-वागण्याची नोंद दर सहा सेकंदांनी सांकेतिक चिन्हांत करीत. एकाने काय केले, त्यावर दुसऱ्याने काय केले, आणि मग पहिल्याने काय केले, असा हा क्षणाक्षणाचा हिशेब वर्षानुवर्षे गोळा झाल्यावर पॅटरसन ह्यांनी 1982 साली ह्या प्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. मूल दुष्ट आणि आईबाप नादान, ह्या दोन्ही कल्पना त्या नोंदींपुढे टिकल्या नाहीत. दोघेही परस्परांना नकळत शिकवीत असलेली, आणि दोघेही त्यात कष्टी असलेली, माणसे त्या नोंदींत दिसली.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आईबापांना सर्वांत अधिक गोंधळात टाकते. 'आम्ही नेहमी काही ऐकून घेत नाही, कधीतरीच माघार घेतो,' असे बहुतेक पालक म्हणतात, आणि ते खरेही असते. परंतु वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर ह्यांच्या प्रयोगांपासून हे सिद्ध आहे की जी कृती प्रत्येक वेळी फळते तिच्यापेक्षा जी कृती अधूनमधून, केव्हा ते न कळता, फळते ती मोडणे कितीतरी कठीण असते. लॉटरीचे तिकीट घेणारा मनुष्य नव्व्याण्णव वेळा हरूनही शंभराव्या वेळी पुन्हा दुकानाशी उभा राहतो, तो ह्याच कारणाने. दहांपैकी नऊ वेळा खंबीर राहून दहाव्या वेळी नमणारे घर मुलाला जे शिकवते ते हे की अजून थोडे रडले पाहिजे.

तथापि एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक शांत आणि दुसरे असे का निपजते, ह्याचे उत्तर केवळ पालकांच्या वागण्यात शोधणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस ह्या मानसरोगतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून शंभराहून अधिक मुलांचा अगदी तान्हेपणापासून मोठेपणीपर्यंत मागोवा घेतला. त्यांना असे आढळले की पहिल्या काही महिन्यांतच मुलांच्या प्रकृतिधर्मात स्पष्ट भेद असतात. सुमारे 40 टक्के मुले सहज रुळणारी, तर सुमारे 10 टक्के मुले जन्मतःच अवघड: ज्यांची झोप आणि भूक अनियमित, ज्यांना प्रत्येक नवी गोष्ट नकोशी, आणि ज्यांचा प्रत्येक भाव तीव्र. अशा मुलाचे पुढे काय होते हे त्याच्या स्वभावाइतकेच, तो स्वभाव आणि घराची रीत ह्यांचा मेळ बसतो की नाही ह्यावर अवलंबून राहते, हा त्यांचा निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा आहे. हूड आणि तापट मूल मोकळ्या अंगणाच्या घरात खपून जाईल. तेच मूल दोन खोल्यांच्या घरात, बाराव्या मजल्यावर, दिवसभर 'पळू नको, ओरडू नको, खालचे तक्रार करतील' असे ऐकत वाढले तर रोजच फिर्याद दाखल होईल.

स्वभावाखेरीज इतरही कारणे असतात आणि ती तपासल्यावाचून मुलाला हट्टी ठरवणे चुकीचे होय. अवधान टिकत नाही आणि हातपाय स्थिर राहत नाहीत असा विकार असलेली पुष्कळ मुले अवज्ञाकारीही ठरतात. त्यांनी हुकूम मोडलेला नसतो, तो त्यांच्या मनात अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक टिकलेलाच नसतो. वाचन-लेखनाची अक्षमता असलेले मूल वही काढायला सांगताच दंगा करते, कारण वर्गात मूर्ख ठरण्यापेक्षा द्वाड ठरणे त्याला सुसह्य वाटते. एखाद्याला कमी ऐकू येते. एखाद्याच्या नाकामागच्या ग्रंथी सुजलेल्या असतात, रात्री तो घोरतो, त्याची झोप पुरी होत नाही आणि दिवसभर तो करवादतो. एखाद्यावर घरी, वाटेत किंवा शिकवणीच्या ठिकाणी असा काही अत्याचार होत असतो की जो त्याला सांगता येत नाही. म्हणून वागणूक एकाएकी पालटली असेल, तर शिक्षेची तजवीज करण्यापूर्वी कारणाची चौकशी करणे हे पालकांचे पहिले कर्तव्य आहे.

उपायांचा विचार करताना ओरेगनमधीलच कॉन्स्टन्स हॅन्फ ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीचे ऋण मान्य केले पाहिजे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आईला शिकवण्याची दोन टप्प्यांची पद्धत बसवली: आधी स्नेहसंबंध दुरुस्त करायचा, आणि त्यानंतरच आज्ञापालन शिकवायचे. पुढे शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड, सिअ‍ॅटल येथील कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन इत्यादींनी हीच चौकट घेऊन जे कार्यक्रम रचले ते आज जगभर चालतात. आयबर्ग ह्यांच्या पद्धतीत आई आणि मूल एका खोलीत खेळतात, आईच्या कानात बारीकसे यंत्र असते, आणि काचेआड बसलेली समुपदेशक तिला त्या त्या क्षणी सांगते: आता प्रश्न विचारू नका, त्याने ठोकळा हळू ठेवला, त्याबद्दल बोला, आता दुर्लक्ष करा. व्याख्याने ऐकून जे जमत नाही ते असे कृतीतून अंगवळणी पडते.

पहिला टप्पा पालकांना विचित्र वाटतो. ज्या मुलाने सकाळपासून जीव नकोसा केला त्याच्याशी खेळायचे? होय, आणि रोज. दिवसातली पाच-दहा मिनिटे ठरवून द्यायची. मोबाइल दूर, दूरदर्शन बंद. खेळ मुलाने निवडायचा आणि खेळाची सूत्रेही त्याच्याच हाती. त्या वेळात तीन गोष्टी वर्ज्य: हुकूम, प्रश्न आणि दोषदर्शन. 'गाडी अशी नको, तशी लाव', 'हा कोणता रंग? स्पेलिंग सांग', 'पुन्हा पाडलंस ना!' ह्यांतले काहीही बोलायचे नाही. मूल जे करते आहे ते साध्या शब्दांत सांगायचे, 'पूल बांधतो आहेस, खाली खांब लावलास', आणि जे चांगले दिसेल त्याचे नाव घेऊन कौतुक करायचे. द्वाड ठरलेल्या मुलाच्या वाट्याला दिवसभरात येणाऱ्या शब्दांचा हिशेब मांडला तर त्यात ताकीद, टोमणे आणि धमक्या ह्यांखेरीज फारसे काही नसते. ज्या माणसाकडून केवळ अप्रिय शब्द मिळतात त्याचे ऐकावे असे कोणाला वाटेल? हा दररोजचा अल्पसा काळ वागणुकीचे बक्षीस म्हणून द्यायचा नसतो आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचा नसतो. तो मुलाचा हक्क असतो.

कौतुकाचीही एक रीत आहे. 'शहाणं माझं बाळ' हे शब्द गोड आहेत, पण नेमके काय केल्याने आपण शहाणे ठरलो ते त्यातून मुलाला उमगत नाही. 'पहिल्या हाकेला उठलास, मला फार बरं वाटलं' ह्या वाक्यात ते उमगते. आपल्याकडे समोरासमोर स्तुती केली तर मूल शेफारते अशी समजूत खोल रुजलेली आहे, आणि त्यामुळे दोष मोठ्याने आणि गुण मनातल्या मनात, असा शिरस्ता पडलेला आहे. हट्टी मुलाच्या घरात हा शिरस्ता मोडला पाहिजे. तसेच लाच आणि बक्षीस ह्यांतही भेद आहे. बाजारात रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी दिलेले चॉकलेट ही रडण्याची किंमत होय. 'पाच दिवस वेळेवर दप्तर भरलंस तर रविवारी बागेत जाऊ' असे आधी ठरवून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज खूण करून दिलेले फळ हा करार होय. त्यातून मुलाला आपला शब्द पाळणाऱ्या माणसांचा अनुभव मिळतो.

दोन-तीन आठवड्यांत संबंधांत थोडा ओलावा आला की दुसरा टप्पा. त्यात पहिले काम म्हणजे हुकूम कमी करणे. एका संध्याकाळी आपण मुलाला किती गोष्टी फर्मावतो हे कोणी मोजून ठेवले तर बहुतेकांना आश्चर्य वाटेल, आणि त्यांतल्या निम्म्यांची अंमलबजावणी करण्याची आपलीही इच्छा नसते हेही दिसेल. जो हुकूम तडीस न्यायचा नाही तो द्यायचाच नाही. जो द्यायचा तो ओट्यापासून ओरडून न देता जवळ जाऊन, खाली बसून, नजरेला नजर देऊन, शांत आवाजात, एका वेळी एकच आणि निःसंदिग्ध शब्दांत द्यावा. 'अभ्यास करायचा का आता?' हा प्रश्न आहे आणि 'नाही' हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. 'नीट वाग' ह्यात काय करायचे ते कळत नाही. वर सांगितलेल्या घरात आईने गॅस बारीक करून, मुलाजवळ बसून आधी म्हणावे, 'ही लेव्हल झाली की मोबाइल माझ्याकडे द्यायचा.' ती संपताच 'मोबाइल दे' एवढेच. मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहावे. हे मौन फार मोलाचे आहे, कारण बहुतेक मुले त्या अवधीत हालतात आणि बहुतेक पालक त्याच अवधीत पुन्हा बोलून ती संधी घालवतात. दिला तर लगेच कौतुक. न दिला तर एकच ताकीद: 'आता दिला नाहीस तर उद्या मोबाइल नाही.' तरीही न दिला तर ताकीद शब्दशः खरी करावी, आणि तीही राग न दाखवता.

परिणाम लहान, निश्चित आणि तत्काळ असावा. 'महिनाभर खेळायला जायचं नाही' ही शिक्षा तिसऱ्या दिवशी माफ होते हे घरातल्या लहानातल्या लहान व्यक्तीलाही ठाऊक असते. हाणामारी किंवा वस्तूंची मोडतोड केल्यास मुलाला काही मिनिटे सर्वांपासून अलग, एका साध्या खुर्चीवर, बसवण्याची पद्धत पुष्कळ अभ्यासांत उपयुक्त ठरली आहे; वयाच्या प्रत्येक वर्षाला सुमारे एक मिनिट एवढी मुदत पुरते. अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडणे किंवा दाराबाहेर उभे करणे ह्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही; ती दहशत होय. खुर्चीवरचा वेळ संपला की उपदेश न करता मुलाला पुन्हा आपल्यात घ्यावे, आणि ज्या हुकुमावरून हे घडले तो हुकूम शांतपणे पुन्हा द्यावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे, कारण तो न मिळाल्याने कित्येक घरांतले प्रयत्न पहिल्याच आठवड्यात सोडून दिले जातात. ज्या थैमानाला आजवर फळ मिळत होते त्याचे फळ एकाएकी बंद झाले की ते थैमान प्रथम वाढते. मूल अधिक मोठ्याने, अधिक वेळ रडते, कधी नवे प्रकार काढते. 'ह्या नव्या पद्धतीने तर तो आणखीच बिघडला' असे वाटण्याचा हाच काळ, आणि ह्याच वेळी नमते घेतले तर अधिक उग्र थैमानालाच फळ मिळाल्यासारखे होते. म्हणून आरंभ अशा दिवसांत करावा की ज्या वेळी घरात पाहुणे नाहीत, परीक्षा नाही, आणि घरातली सर्व मोठी माणसे एकमताने पाठीशी आहेत. आपल्या घरांत आजी-आजोबा असतात हे मुलाचे मोठे भाग्य, परंतु आईने नाकारलेली वस्तू आजीने आतून आणून दिली की आईचा शब्द पडतो. ह्यावर भांडण हा उपाय नाही. मूल झोपल्यावर सर्वांनी बसून दोन-तीनच नियम ठरवावे, आणि लाडाचा भाग, गोष्टी, खेळ, फिरायला नेणे, मोकळेपणाने आजी-आजोबांकडे सोपवावा. वडिलांनीही 'संध्याकाळी बाबा येऊ देत, मग बघ' ह्या धमकीतला पोलीस होण्याचे नाकारून रोजच्या कामात वाटा उचलावा.

आणि मार? त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मारल्याने मूल त्या क्षणी थांबते ह्यात शंका नाही, आणि म्हणूनच मारणाऱ्याची सवय सुटत नाही. परंतु एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर ह्यांनी 2016 साली पन्नास वर्षांतल्या संशोधनाचे, सुमारे एक लाख साठ हजार मुलांविषयीच्या माहितीचे, एकत्र परीक्षण केले, तेव्हा चापट मारण्यासारख्या सौम्य मारानेही आज्ञाधारकपणा वाढल्याचे दिसले नाही. उलट आक्रमकता आणि मनोविकार ह्यांच्याशीच त्याचे नाते आढळले. जे मूल आधीच हातघाईवर येते त्याला आपणही हातानेच उत्तर दिले तर बलवंताचे चालते हाच पाठ पक्का होतो. स्वीडनने 1979 साली घरातल्या मारावरही कायद्याने बंदी घातली, आणि तसे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. मात्र हा विचार आपल्याला बाहेरून आला असे कोणी समजू नये. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 पासून मार आणि धाक ह्यांविना शिक्षण उभे केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांच्या साथीने वारली मुलांसाठी तेच केले. जी मुले शाळेत येत नाहीत त्यांना पकडून आणण्याऐवजी त्यांच्या पाड्यावर, गुरे चारायच्या कुरणावर शाळाच नेण्याचा त्यांचा मार्ग हा मुलाच्या नकारामागची अडचण समजून घेण्याचा मार्ग होता.

मार सोडणे म्हणजे मोकाट सोडणे असा अर्थ कोणी काढला तर तोही तितकाच घातक. कॅलिफोर्नियातील डायना बॉमरिंड ह्यांनी 1966 च्या सुमारास पालकत्वाच्या तीन रीती वर्णिल्या: केवळ जरब असलेली, केवळ मुभा असलेली, आणि माया व मर्यादा दोन्ही भरपूर असलेली. ह्या तिसऱ्या रीतीने वाढलेली मुले अधिक स्वावलंबी आणि संयमी आढळली. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की ह्या मर्यादा ठरवण्यात त्यालाही सहभागी करून घ्यावे लागते. 'द एक्सप्लोसिव्ह चाइल्ड' ह्या 1998 च्या ग्रंथाचे लेखक रॉस ग्रीन ह्यांचे म्हणणे असे की ज्या मुलाला चांगले वागता येते ते चांगलेच वागते; भडकणाऱ्या मुलाला निराशा सोसण्याचे, बेत बदलण्याचे कौशल्यच कमी असते. म्हणून शांत वेळी, भडका उडालेला नसताना, 'गणिताच्या वेळीच नेमकं काय अवघड जातं?' असे विचारून, त्याची कैफियत पुरती ऐकून, आपलीही अडचण सांगून दोघांनी मिळून तोडगा काढावा. लहानपणी स्पष्ट नियम आणि वाढत्या वयात सन्मानाचा तह, हे एकाच वाटेचे दोन टप्पे आहेत.

कोठे थांबून तज्ज्ञाकडे जावे हेही सांगितले पाहिजे. मूल जनावरांना क्रूरपणे वागवते, चोऱ्या करते, आग लावते, शस्त्रासारखी वस्तू उगारते, घरातून पळून जाते किंवा जीव देण्याची भाषा करते, तर विलंब करू नये. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांच्या प्रदीर्घ अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट ह्यांनी 1993 साली दाखवले की पौगंडावस्थेत बिथरणारी बहुसंख्य मुले पुढे मार्गी लागतात, परंतु अगदी लहानपणापासून आक्रमक असणारी थोडी मुले मदत न मिळाल्यास मोठेपणीही संकटात राहतात. म्हणजे 'मोठा झाला की समजेल' ही आशा जिथे सर्वांत अधिक धरली जाते तिथेच ती सर्वांत कमी खरी ठरते. मुंबईत 1937 सालीच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाला जोडून बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले होते. आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि पुष्कळ जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत ही सोय आहे, आणि 'टेली-मानस'च्या 14416 ह्या क्रमांकावर 2022 पासून विनामूल्य सल्ला मिळतो. अवज्ञेवर म्हणून कोणतेही औषध नाही. पालकांना शिकवणे हाच मुख्य उपचार. अवधानाचा विकार किंवा नैराश्य सोबत असेल तर त्यावर मात्र औषधे उपयोगी पडतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी, जिच्या माथी सारा दोष मारला जातो त्या आईविषयी. झोप अपुरी, कामाचा ताण, पैशाची ओढ, मनात दाटलेली उदासी, ह्यांनी खचलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता खंबीर आणि शांत राहणे अवघड असते. तिला उपदेश करण्यापेक्षा कोणी पोळ्या लाटून दिल्या तर मुलाच्या वागण्यात अधिक लवकर फरक पडेल. पालकांनी आधी बदलावे असे शास्त्र म्हणते, ते पालक अपराधी आहेत म्हणून म्हणत नाही. त्या देवघेवीत दोन पक्ष आहेत, आणि त्यांतला एक सात वर्षांचा आहे. पुढचा विचार करण्याची, रागाला क्षणभर थोपवण्याची, मदत मागण्याची आणि दिलेला शब्द पाळण्याची कुवत दुसऱ्याजवळ अधिक आहे. ज्याच्या हाती अधिक सत्ता त्याच्यावर आरंभाची जबाबदारी, हा न्याय जसा राज्याला तसा घराला लागू आहे. हा आरंभ एका आठवड्यात फळणार नाही, पण तीन-चार महिन्यांत बहुतेक घरांत संध्याकाळी निदान एवढे तरी घडू लागते की सांगितलेले काम एका ताकिदीत होते आणि कोणीही रडत झोपत नाही. जे मूल प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणत होते त्याला कोणत्या गोष्टीला 'नाही' म्हणावे आणि कोणती मुकाट्याने ऐकावी हे कळू लागणे, एवढेच ह्या सर्व खटाटोपाचे साध्य आहे. त्याची जिद्द मोडणे हे साध्य कधीही नव्हते, कारण तीच जिद्द उद्या त्याला अन्यायापुढे उभे राहायला लागणार आहे.